अंबाडीचा चहा आणि बिनआवाजी सून

"टीव्ही लिना भारी, पन आवाजच येत नही त्याना!"

हे वाक्य मी जिन्यात ऐकलं. माझ्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये चहाचे कप होते आणि वर गच्चीवर सासूबाईंच्या बचत गटाच्या बायका बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत बसल्या होत्या. मला वाटलं, कोणाकडे तरी नवा टीव्ही आला असेल आणि स्पीकर बिघडला असेल. मग पुढचं वाक्य आलं.

"एम.एस्सी. शिकेल शे म्हने. पन लगीन व्हयनं तैपासून मी तिन्हा आवाज ऐका नही!"

टीव्ही म्हणजे मी!

खाली परत जावं तर चहा थंड. वर जावं तर बायका थंड. शेवटी पैंजण जरा जोरात वाजवत वर गेले. क्षणात गच्चीवरचं हवामान बदललं. "काय ऊन पडी ऱ्हायनं वं माय!" असं म्हणत सगळ्यांनी एकदम आकाशाकडे पाहिलं. मी कप वाटले आणि खाली आले.

बोलक्या माणसाचे किस्से तोंडावाटे निघून जातात. रोज थोडे खर्च होतात, त्यामुळे साठत नाहीत. न बोलणाऱ्याकडे मात्र ते साचतात, कोठीतल्या वाळवणासारखे. लग्नाला वर्ष व्हायचंय आणि माझी कोठी भरली आहे. म्हणून आता काढायला घेतलंय.

आणि एक आधीच सांगते. मी गप्प होते कारण मी बघत होते. ही तक्रार नाही आणि माफी तर मुळीच नाही.

*

माझं माहेर नाशिकचं. सासर शहाद्याजवळच्या कळसाडीचं. नवरा, भूषण, पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला. घरात सगळे अहिराणी बोलतात. मला ती समजायला लागली लवकर, बोलायची मात्र मी घाई केली नाही. लोक ज्या भाषेत आपल्याबद्दल बोलतात ती आपल्याला कळते, हे त्यांना जितकं उशिरा समजेल तितकं बरं!

गटाच्या अध्यक्ष आमच्या सासूबाई, सुमनबाई. करारी, कष्टाळू, बीपीच्या. टीव्हीचा शेरा मारणाऱ्या त्या रत्नाकाकू, माझ्या चुलतसासू. गटाचं तोंड. आणि शेजारच्या कमलअक्का. त्यांचे दात कमी झालेत, प्रश्न वाढलेत.

गट वर्षानुवर्षं पापड, कुरडया, बिबड्या करायचा. पण हल्ली प्रत्येक गावात पापड आणि प्रत्येक पापडावर "घरगुती चव". नवीन काहीतरी हवं, असं सगळ्यांच्या मनात होतं. ते नवीन काहीतरी दिवाळीला आमचे जावईबापू घेऊन आले.

जावईबापू म्हणजे राकेशराव, माझ्या नणंदेचे यजमान. शहाद्याला त्यांचं फ्लेक्स, स्टिकर, लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आमच्या घरात ते बसले की पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळतं. आबा, म्हणजे माझे सासरे, स्वतःहून बातम्यांचा आवाज कमी करतात. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा इथला नियम नाही. नियम मोडता तरी येतो. हे वळण आहे!

तर राकेशराव पुरणपोळीचं ताट मांडीवर घेऊन म्हणाले, "आई, शहरात लोक लाल फुलांचा चहा पितात. हर्बल टी! पॅकिंग बघाल तर दागिन्याचा डबा वाटेल. आणि आत काय? आपल्या बांधावरची अंबाडी!"

"अंबाडी? तिन्ही ते भाजी करतस," कमलअक्का म्हणाल्या.

"पानांची भाजी. फुलांचा चहा. फुलांमध्ये अँटिऑक्सिडंट असतं, अक्का!"

सगळ्या बायकांनी मान डोलावली. मी पुरणपोळीवर तूप वाढत होते.

खरं तर अंबाडीचं फूल फिकट पिवळं असतं आणि लगेच गळून जातं. मागे राहतात ती लाल, जाड, आंबट बोंडं. सगळे फुलं म्हणतात, वाळवतात ती बोंडं. हे मला माहीत आहे, कारण एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट याच्यावरच होता. वाळवलेल्या अंबाडीतले अँटिऑक्सिडंट. मी एम.एस्सी. आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं. कशात आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं.

विचारलं नाही, म्हणून मी तूप वाढत राहिले.

*

बांधावरची अंबाडी पुरली नाही. मग राकेशरावांनी सासूबाईंना आणि मला गाडीत घालून अक्कलकुव्याच्या बाजाराला नेलं. मला का नेलं? पिशव्या धरायला.

डोंगरातल्या गावांतून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. एकीसमोर लाल बोंडांचा असा ढीग, की येणारे-जाणारे ट्रकवाले पण बघत होते. राकेशरावांनी गॉगल डोक्यावर चढवला, एक बोंड उचललं, वास घेतला आणि विचारलं, "बाई, यात अँटिऑक्सिडंट किती आहे?"

ती बाई झटकन उठून उभी राहिली. "काय नाय टाकलं त्याच्यात! घरचा माल हाय. साफ हाय!"

"नाही, म्हणजे ते असायला पाहिजे…"

"असायला पायजे तर तू टाक घरी जाऊन! आम्ही नाय टाकत!"

परतीच्या रस्त्यात राकेशरावांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला. मी खिडकीतून सातपुडा बघत होते. हसू दाबायला डोंगरासारखी दुसरी जागा नाही.

*

मग वाळवण सुरू झालं. आणि वाळवण म्हटलं की आमच्या सासूबाईंचं एकच शास्त्र: ऊन! पापडाला ऊन, मिरचीला ऊन, गादीला ऊन, सर्दी झालेल्या पोरांना ऊन. त्यांनी धुतलेली बोंडं गच्चीवर धोतराच्या पांढऱ्या कापडावर पसरली, ऐन उन्हात.

अंबाडीचा लाल रंग आणि त्यातले अँटिऑक्सिडंट, दोघांचंही कडक उन्हाशी जमत नाही. वारा हवा, सावली हवी. हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात रत्नाकाकू म्हणाल्या, "आम्हना जनम गया वाळवनमा."

मी तोंड मिटलं आणि हात चालवले.

दुपारी सासूबाई पडल्या की मी निम्मं कापड ओढून खाली आणायची आणि ओसरीत पंख्याखाली पसरायची. त्या उठल्या की कापड पुन्हा वर. दुसऱ्या दुपारी पुन्हा खाली. त्या मला काही बोलल्या नाहीत, मी त्यांना काही बोलले नाही. जिन्यात एकदा समोरासमोर आलो, मी कापड घेऊन उतरतेय, त्या कापड न्यायला येताहेत. दोघी एकमेकींना जागा देऊन बाजूने निघून गेलो!

यात सापडले बिचारे आबा. ओसरीतला भिंतीवरचा पंखा त्यांच्या खाटेवर वळवलेला असायचा. बोंडांना जागा हवी म्हणून मी खाट जराशी सरकवली. मग अजून जराशी. शेवटी खाट अंगणात गेली.

कमलअक्का दारातून आत डोकावल्या. बोंडं गार वाऱ्यात पसरलेली, आबा बाहेर टोपीने वारा घेत बसलेले.

"सुमन," त्या आत ओरडल्या, "अंबाडी पंख्याखाले, नि नवरा उन्हामा! नेमकं कोनले वाळाडी ऱ्हायनी तू?"

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी गच्चीवरची बोंडं मुठीत आणली आणि ओसरीतल्या बोंडांशेजारी धरली. उन्हातली तपकिरी, काडीसारखी. सावलीतली गर्द लाल. बराच वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

मग आबांना म्हणाल्या, "तुमी आते तठेच बसा."

*

पहिला चहा सासूबाईंनी केला. रीतसर! पाण्यात बोंडं, साखर, आलं, वेलची, उकळी… आणि सवयीने वरून म्हशीचं दूध.

अंबाडी आंबट. दूध पातेल्यातच फाटलं. वर गुलाबी पाणी, खाली गुलाबी गोळे. सगळ्या बायका कप हातात घेऊन बसल्या. टाकवेना, पिववेना. अध्यक्षांनी केलेला चहा होता!

कमलअक्कांनी घोट घेतला. बोटाने एक गोळा काढला, चावून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं शे. चहा बी पिवाई गया, नि पनीर बी खावाई गयं!"

पुढच्या वेळी दूध घालायला त्यांचा हात गेला, तेव्हा मी दुधाचं पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. त्यांनी पाहिलं. मी फ्रिजचं दार लावलं. बस, एवढंच.

*

गटाला भेट द्यायला एक मॅडम येणार होत्या, तालुक्याहून. नवीन उत्पादन बघायला. घर सारवून-पुसून लख्ख केलं. राकेशराव शहाद्याहून खास आले.

चहाचा मान रत्नाकाकूंनी मागून घेतला. चार बायकांचा करायचा म्हणून त्यांनी मोठं पातेलं काढलं. कोणतं? ज्यात आदल्या दिवशी उडदाच्या पापडांसाठी पापडखाराचं पाणी उकळलं होतं, तेच. तळाशी पांढरट थर होता. काकूंनी नुसतं पाणी फिरवलं आणि चुलीवर ठेवलं. पापडवाल्या गटात पापडखार सगळ्याच भांड्यांना लागलेला असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

बोंडं पडली. पाणी लाल होईना. जांभळट झालं. मग निळसर. मग शेवाळासारखं हिरवट!

काकूंनी ते तसंच कपात ओतलं, कारण मॅडम दारात पोचल्या होत्या.

मॅडमनी कप हातात घेतला. कपात पाहिलं. राकेशरावांकडे पाहिलं. राकेशराव म्हणाले, "हे… हे आपलं नवीन व्हेरिएशन आहे मॅडम. ग्रीन टी!"

मी स्वयंपाकघरातून लिंबाच्या फोडी आणल्या. मॅडमच्या कपाशी गेले आणि एक फोड पिळली. थेंब पडला तिथून रंग पालटत गेला आणि बघता बघता सगळा कप लालभडक झाला.

खार रंग पालटवतो, आंबट तो परत आणतं, हे अकरावीच्या प्रयोगवहीतलं. पण त्या क्षणी कोणाला अकरावी आठवत नव्हती.

"माय वं," रत्नाकाकू भिंतीकडे सरकत पुटपुटल्या, "बोलत नही, नि जादू करस. हिले कोनी उतारा करा!"

मॅडम मात्र खूश. कप उंचावून म्हणाल्या, "अहो, हेच विका ना! सोबत लिंबू द्या!"

मॅडम गेल्यावर सासूबाईंनी ते पातेलं स्वतः चिंच लावून घासलं. त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात न विचारता भाकरी वाढली, मला हवी असते तशी, कडक भाजलेली. मी मान हलवली. आमच्यात ते भरपूर संभाषण होतं.

*

आता गंमत संपून दुसरं काहीतरी सुरू होतं. म्हणजे गंमत आहेच, पण जरा ऐका.

कमलअक्कांनी एकदा जावयाला सरळ विचारलं, "पाव्हना, ते अँटी… काय म्हंतस ते. ते करस काय?"

राकेशराव खूश झाले. "अक्का, लोखंडाला गंज चढतो ना? तसा आपल्या शरीराला आतून गंज चढतो. हा चहा गंज काढतो!"

समजावण्यापुरतं हे फार चुकीचं नाही. हवेने लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, तसं शरीरातही काही होत असतं आणि अँटिऑक्सिडंट ते थोपवायला मदत करतात. पण कमलअक्का बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नाहीत. त्या घरी गेल्या, चहा करून उरलेली ओली बोंडं घेतली आणि देवघरातला काळवंडलेला तांब्याचा तांब्या घासला.

लख्ख! दुपारी त्या तांब्या डोक्यावर नाचवतच आल्या. "देखा वं! गंज निंघना!"

बोंडांत आंबटपणा असतो. चिंचेनेही तांब्या असाच निघतो, आणि चिंचेचं पाणी पिऊन कोणाची नस साफ झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तांब्या घासणारी ती आम्लं. अँटिऑक्सिडंटचा तिथे काडीचा संबंध नाही.

पण राकेशरावांनी तांब्या हातात घेतला, सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "बाहेरून हे, तर आतून काय करत असेल! बीपी काय, शुगर काय, सगळं साफ!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांब्यात स्वतःचं तोंड बघत होत्या.

*

राकेशराव लेबलचा नमुना घेऊन आले, तेव्हा घरात सण होता. चकचकीत पाकीट. वर नाव, "लाल अमृत". खाली मोठ्ठं लाल फूल.

फूल जास्वंदीचं होतं! इंटरनेटवरून उचललेलं. अंबाडी तिची भाऊबंद, पण तोंडवळा वेगळा. कमलअक्कांनी पाकीट कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "गनपतीनं फूल शे. खाले ठेवू नका, पाय लागी जाई."

त्यामुळे आमच्या व्यवसायाचा पहिला नमुना देवघरात गेला.

फुलाखाली ठळक अक्षरं: "अँटिऑक्सिडंटने भरपूर! बीपी गायब! शुगर गायब!" आणि मागच्या बाजूला सासूबाईंचा फोटो. डोक्यावर पदर, गळ्यात पोत, आणि खाली त्यांचे म्हणून शब्द: "मी गोळी सोडली, चहा धरला!"

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

संध्याकाळी दिवा लावायला देवघरात गेले, तेव्हा समईमागे त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. पुढ्यात लाल अमृत, मागे गोळ्या. पट्टी अख्खीच्या अख्खी भरलेली. वर धूळ.

मी भूषणला म्हटलं, "तू बोल."

तो म्हणाला, "आईला मी? आणि राकेशरावांनी छापलेलं? तू बोल ना, तुला सायन्स माहीत आहे."

"माझा आवाज येत नाही म्हणे."

तो गप्प बसला. आमच्या घरात गप्प बसणारी मी एकटीच आहे, असं सगळ्यांना का वाटतं देव जाणे!

*

दोन-चार दिवसांनी सासूबाई गच्चीवर सावलीत ठेवलेल्या बोंडांचं कापड घेऊन उतरत होत्या. मधल्या पायरीवर थांबल्या. भिंतीला हात टेकला. कापड सुटलं आणि लाल बोंडं जिनाभर सांडली. मी धावत जाऊन धरलं. अंग घामाने भिजलेलं, तोंड पांढरं.

गावात घरोघरी बीपी तपासणाऱ्या आशाताईंना बोलावलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, मशीन पाहिलं, परत लावलं, परत पाहिलं. "मावशी, खूप वर आहे. गोळी चालू आहे ना?"

"मशीन खराब शे," सासूबाई म्हणाल्या.

आशाताईंनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. माझा बरोबर आला. "मशीन चांगलं आहे मावशी!"

"तिन्हा बरोबर येवावच. ती कोठे बोलस!"

आशाताई हसल्या, उद्या दवाखान्यात न्याच म्हणून मला बजावून गेल्या. मी चुलीजवळ सासूबाईंच्या शेजारी बसले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कोनले सांगू नको. पाव्हनाना शब्द पडी जाई."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"नि फोटो छापाई गया," त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या. "आधार कार्ड सोडीसन मन्हा फोटो कोठेच छापायना नही आजवर."

तिथे मला पहिल्यांदा त्यांचा राग यायचा थांबला. पण भीती थांबली नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब असा होता: गोळी घेतली तर फोटो खोटा. आणि फोटो एवढा सुंदर आला होता!

प्रोजेक्टमध्ये आम्ही काय करायचो, तर गर्द जांभळ्या द्रावणात अंबाडीचा अर्क टाकायचो. जांभळा रंग फिका पडत जायचा. जितका फिका पडेल तितके अँटिऑक्सिडंट जास्त. अंबाडीने तो झकास उतरवला होता, मी स्वतः पाहिलंय, त्यावर मार्कही मिळवलेत. चहा चांगलाच आहे. रोज प्यावा. बीपीला जरासा हातभारही लागत असेल, कोण नाही म्हणतंय! पण परीक्षानळीला बीपी नसतो. परीक्षानळीला जिन्यात चक्कर येत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली आणि एकही दिवस चुकवू नका म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. घरी येऊन पट्टी समईमागे ठेवली. उद्या पाकिटं भरायची होती आणि राकेशराव येणार होते.

*

आणि आता तो दिवस.

ओसरीत सगळा गट जमला. मधोमध सावलीत वाळवलेल्या लालबुंद बोंडांचा ढीग, बाजूला छापून आलेल्या लेबलांचे गठ्ठे. पंखा राकेशरावांकडे. आबा अंगणात, आपल्या नव्या जागेवर. भूषण दारात उभा.

राकेशरावांनी एक लेबल उचललं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. पुढची बाजू वाचली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागची बाजू वाचली, "मी गोळी सोडली, चहा धरला!" आणखी टाळ्या. रत्नाकाकू लगेच म्हणाल्या, "आते मी बी मन्ही शुगरनी गोळी बंद करी टाकस!"

"मी बी," मागून कोणीतरी म्हणालं.

सासूबाई हसत होत्या. एक हात जमिनीवर टेकलेला होता. जिन्यात भिंतीला टेकला होता तसाच, आणि तिथे बसलेल्यांमध्ये ते फक्त मला कळत होतं.

मी उठले. देवघरात गेले, समईमागची पट्टी काढली, पदराने पुसली. तांब्यात पाणी घेतलं, कमलअक्कांनी घासून आणलेल्या आणि आमच्याकडेच राहिलेल्या त्या लख्ख तांब्यात. बाहेर आले आणि दोन्ही सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. लेबलांच्या गठ्ठ्यावर.

सासूबाईंनी वर पाहिलं, मग जावयाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डोळ्यांनी म्हणत होत्या, नको. मी तिथेच उभी राहिले.

राकेशराव हसले. त्यांना वाटलं, सून आहे, चुकून आणलं असेल. "वहिनी, हे कशाला आता? औषध तर या पाकिटात आहे! तुम्ही एम.एस्सी. ना? सांगा बरं सगळ्यांना, हे सायंटिफिक आहे म्हणून!"

"ती काय सांगी!" रत्नाकाकू म्हणाल्या, आणि या वेळी मी ऐकतेय याची त्यांना फिकीर नव्हती. "तिन्हा आवाजच येत नही."

कमलअक्कांनी पान चघळायचं थांबवलं. दारात भूषण सरळ उभा राहिला. अंगणात आबांनी टोपी हातात घेतली.

आणि मी म्हणाले, त्यांच्याच भाषेत, खणखणीत, अंगणापर्यंत जाईल असं:

"औषध तुमना लेबलवरच शे ना, पाव्हना? मंग फुलं कसाले उकळानी? लेबलच उकळा, नि पह्यला कप तुम्ही प्या! बीपी उतरना का माले सांगा. तोवर मन्ही सासू गोळी खाई!"